नावं झाकली, गट नंबर उघडे: कृष्णाकाठच्या एका क्षारपड नकाशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक गाव. नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येतील असे तपशीलही बदलले आहेत. संस्था पुण्यातली, सामाजिक-आर्थिक आणि पर्यावरणाच्या धोरणांचा अभ्यास करणारी, आठ-दहा जणांची. या अभ्यासाची समन्वयक मी होते. म्हणजे पुढे जी चूक सांगणार आहे, तिच्यावर पहिली सही माझी.

विषय क्षारपड जमिनीचा. या पट्ट्याला तो नवा नाही. माती काळी, खोल, चिकण. पाणी धरते पण सोडत नाही. वर कोयना आणि वारणेची धरणं, त्यामुळे नद्यांना बारमाही पाणी. नदीवर सहकारी उपसा योजना आणि रानात वर्षानुवर्षं ऊस. पाटाने मोकळं पाणी द्यायचं, एक सरी भरली की दुसरीला मोडायचं. निचरा नसलेल्या रानात जमिनीखालचं पाणी वर वर येत जातं. उन्हाळ्यात ते मातीच्या बारीक पोकळ्यांतून चढतं, पाण्याची वाफ होते, मीठ वर राहतं. आधी वाफसा उशिरा येतो. मग उसाचे फुटवे कमी होतात. मग बांधालगत पांढरे चट्टे दिसतात आणि एक दिवस शेतकरी म्हणतो, रान बाद झालं. काही रानं त्याच्याही पुढे जाऊन चोपण होतात: सामू (पीएच) साडेआठच्या वर, माती ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगड.

आम्हाला मातीपेक्षा पाणीपट्टीत जास्त रस होता. महाराष्ट्रात २००५ साली दोन कायदे झाले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा. दोन्हींचा रोख पाणी मोजून द्यावं याकडे आहे. पण नदीतून पाणी उचलून रानात पोचवणारी गावची उपसा संस्था पट्टी आकारते एकरावर. पाणी दुप्पट घेतलं काय आणि निम्मं घेतलं काय, पावती तीच. त्यात शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा तर एका आठवड्यात रात्री. रात्रीच्या पाळीला दार धरायला कोण उभं राहतंय? पाणी सोडायचं आणि घरी येऊन झोपायचं.

दोन हंगाम फिरल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली होती. गावातला जुना ओढा दोन्ही बाजूंनी बांध सरकवत सरकवत जवळजवळ बुजला होता. वरच्या अंगाला मोठी रानं, खालच्या अंगाला वाटण्यांनी बारीक झालेली. पाणी पडायचं एकाच्या रानात आणि मीठ फुटायचं दुसऱ्याच्या. आमचा अहवाल मुळात हे सांगण्यासाठी होता: पट्टी घनमापनाने, म्हणजे पाणी मोजून लावा, ओढा मोकळा करा आणि खालच्या रानांत गटाने निचरा प्रणाली टाका, ज्यात वरच्यांनीही पैसे घालायचे. या शिफारशींवर गावात फारशी चर्चा झालीच नाही. चर्चा झाली ती परिशिष्टातल्या नकाशावर.

नकाशा कसा झाला

जमिनीखालून निचरा करायचा तर सुमारे मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पीव्हीसी पाइपांच्या ओळी टाकाव्या लागतात. त्या एका मुख्य पाइपला जोडतात आणि मुख्य पाइप ओढ्यात सोडतात. तो आठ-दहा जणांच्या रानातून जातो. एकट्याने करण्याचं हे कामच नाही. त्यामुळे आराखडा करणाऱ्या अभियंत्याने आमच्याकडे साहजिक मागणी केली: कुठला गट, म्हणजे सरकारी नोंदीतला जमिनीचा कुठला तुकडा, किती बिघडलाय ते दाखवा.

सगळ्या गटांतून मातीचे नमुने काढायला पैसे नव्हते. थोड्या रानांतून, एप्रिल-मे महिन्यात, तीन खोलींवरून नमुने घेतले. उरलेल्यांसाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं वापरली. नमुन्यांशी ताळा घालून प्रत्येक गटाला रंग दिला. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सुरुवात, लाल म्हणजे विद्युत वाहकता (मातीतल्या क्षारांचं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेलेली, म्हणजे पुस्तकी व्याख्येने क्षारयुक्त. नावं कुठेही छापली नाहीत. पुण्यात बसून आम्ही याला ओळख झाकणं म्हणत होतो.

ग्रामसभेत सादरीकरण झालं तेव्हा पहिल्या पानांना लोकांनी मान डोलावली. नकाशा पडद्यावर आला आणि मागच्या ओळीतले उठून पुढे आले. जो तो आपलं रान शोधू लागला. सरपंच म्हणाले, "मॅडम, याची मोठी प्रत काढून पंचायतीत लावू या. लोकांना कळू दे." आम्ही हुरळलो. अहवाल कपाटात पडून राहतात ही आमच्या धंद्यातली कायमची रड. इथे तर गावच मागतंय! चार दिवसांत फ्लेक्स छापून आला आणि पंचायतीच्या व्हरांड्यात लागला.

या प्रकरणातलं पहिलं निर्णयाचं वळण हेच. त्या वेळी ते वळण आहे हेसुद्धा आम्हाला दिसलं नाही.

अडचण

जुलै उजाडला, आडसाली लागणीची गडबड सुरू झाली आणि फोन येऊ लागले.

पहिला फोन एका काकींचा. नवरा वारलेला, रान त्यांच्या नावावर, त्यातले तीस गुंठे मुलीच्या शिक्षणासाठी विकायचं ठरलेलं. इसार व्हायचा होता. गिऱ्हाईक पंचायतीत आलं, फ्लेक्सचा फोटो काढून घेऊन गेलं आणि चार दिवसांनी भाव जवळजवळ निम्म्यावर आणला. काकी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, माझ्या रानात तुमचं कुणी आलंच न्हवतं. मग माझं रान लाल कुणी केलं?"

खरंच कुणी गेलं नव्हतं. त्यांचा गट उपग्रहाने रंगवला होता.

दुसरा फोन एका तरुण शेतकऱ्याचा. विकास सोसायटीच्या सचिवांनी पीककर्जाची फाइल पुढे पाठवताना त्याला मातीपरीक्षणाचा दाखला आणायला सांगितलं होतं. तसा नियम नव्हता, लेखी काही नव्हतं. सचिवांच्या मोबाइलमध्ये आमचा नकाशा होता. लागणीचा पंधरवडा कर्जाच्या वाटेकडे बघण्यात गेला तर त्या कर्जाचा उपयोग काय, हे ऊस लावणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तिसरं प्रकरण दोन भावांच्या वाटणीचं. तोंडी ठरलेली वाटणी धाकट्याने मोडली, कारण त्याच्या वाट्याला आलेला तुकडा नकाशात लाल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज गेला.

चौथा फोन मात्र भलताच. वरच्या अंगाचा एक मोठा बागायतदार विचारत होता, "आमचं पिवळं हाय ते लाल करून मिळंल का?" निचऱ्यासाठी अनुदान आलं तर ते लालवाल्यांना आधी मिळणार, असा त्याचा हिशोब. लाल रंगाने काकींची किंमत उतरली आणि याला त्यातच लाभ दिसत होता. ज्याच्याकडे थांबायची ताकद आहे त्याला खराब जमीनही भांडवल ठरते, हे आमच्या अर्थशास्त्राच्या प्रकरणात यायला हवं होतं. आलं नव्हतं.

मुळाशी गेलो तेव्हा कळलं की झाकलेली नावं झाकलेली नव्हतीच. गावात गट नंबर हेच नाव असतं. आणि गावाबाहेरच्यालाही अवघड नाही. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर गट नंबर टाकला की सातबारा समोर येतो, नावासकट. सरकारी नोंद सार्वजनिक आहे ते योग्यच आहे. पण त्या नोंदीला आम्ही एक नवा रकाना जोडला होता, तोही कुणाला न विचारता.

रंग तरी बरोबर होते का? सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. एक गुंठा साधारण एकशेएक चौरस मीटर. थोडक्यात एक ठिपका, एक गुंठा. वरच्या अंगाच्या पाच एकरांच्या रानाला हे चालतं. खालच्या अंगाला पंधरा-वीस गुंठ्यांचे लांबट पट्टे, मध्ये बांध, बांधावर बाभळी, कडेला पाट. तिथे ठिपक्यात अर्धं एकाचं रान, अर्धं दुसऱ्याचं. त्यात गटाच्या हद्दी आम्ही ज्या नकाशावरून घेतल्या तो जमिनीवरच्या बांधाशी काही मीटर इकडेतिकडे होता. शिवाय ऊस नुकताच तुटून गेलेलं उघडं रान आणि मिठाने उघडं पडलेलं रान वरून बघताना सारखंच भासू शकतं. म्हणजे चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त होती ती सर्वांत लहान खातेदारांच्या रानात. आणि नमुने घेतले होते एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा मीठ सगळ्यात वर आलेलं असतं. पावसाळ्यानंतर त्याच रानाचं माप वेगळं आलं असतं.

नकाशात "सांगता येत नाही" असा रंगच नव्हता.

समोरचे पर्याय

आमची बैठक दीड दिवस चालली, आणि ती गोडीगुलाबीची नव्हती.

सर्वांत सोपा पर्याय तळटीप. "हा नकाशा कर्ज, खरेदी-विक्री अथवा मूल्यांकनासाठी वापरू नये." एका सहकाऱ्याने मजकूर टाइपही करून आणला. पण फ्लेक्सचा फोटो काढणारा तळटीप कापून फोटो काढतो, हे आम्ही एव्हाना पाहिलं होतं.

दुसरा पर्याय नकाशा पूर्ण मागे घ्यायचा. याला सगळ्यात जोरदार विरोध आमच्यातल्या ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ सरांचा. त्यांचं म्हणणं मला आजही सहज खोडता येत नाही. ते म्हणाले, "जमीन बिघडलेली असेल तर घेणाऱ्याला ते कळू नये, असं आपण का म्हणायचं? विकणारी विधवा आहे म्हणून? उद्या घेणारी विधवा असली तर?" खोलीत कुणीच बोललं नाही. मग आमची क्षेत्र संशोधक बोलली. ती शेजारच्याच तालुक्यातली, घरी ऊसच. ती म्हणाली, "सर, घेणाऱ्याला खरं कळावं हे बरोबर. पण आपल्याला तरी खरं माहीत आहे का? काकींच्या रानाचं?"

वाद तिथे वळला. लपवायचं की दाखवायचं, हा प्रश्न बाजूला राहिला. कुठल्या पातळीपर्यंत आपल्याला खात्रीने बोलता येतं, त्यावर बोलणं सुरू झालं. ओढ्याच्या एका अंगाचं सगळं शिवार बिघडतंय हे आम्ही छातीठोक सांगू शकत होतो. अमुक गटाचं सांगू शकत नव्हतो.

तिसरा पर्याय त्यातून आला: गटवार रंग काढायचे, ओढ्याच्या उतारानुसार शिवाराचे मोठे भाग पाडायचे आणि त्या भागांचा नकाशा ठेवायचा. गैरसोय उघड होती. अभियंत्याला गटवार माहिती लागणारच. मग ती माहिती ज्याची त्यालाच, कागदावर, हातात. आणि निचरा गटात सामील होणाऱ्यांनी संमती दिली तर तेवढीच अभियंत्याला. हा चौथा पर्याय खरं तर तिसऱ्याचाच पुढचा भाग. खर्चिक होता, कारण त्यासाठी फेरनमुने घ्यावे लागणार होते आणि निधी देणाऱ्यांच्या दृष्टीने प्रकल्प संपलेला होता.

पाचवंही एक मत होतं, की काही करू नये, चार महिन्यांत लोक विसरतील. ते मत माझं होतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत.

केलं ते

फ्लेक्स उतरवला. संकेतस्थळावरून परिशिष्ट काढलं, तिथे का काढलं याची चार ओळींची नोंद ठेवली. मोबाइलांतले फोटो परत घेता येत नाहीत, त्यामुळे हे काम अर्धंच राहणार हे माहीत होतं.

मारुतीच्या देवळात बैठक लावली. चूक झाली असं सरळ सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "चूक झाली म्हंता, पण रान तर खराब हायच की." हसू उठलं आणि ताण थोडा सैल झाला. बायका नेहमीप्रमाणे देवळाबाहेर ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्याशी नंतर वेगळं बोललो तेव्हा आणखी एक भोक सापडलं. नमुन्यांसाठी आम्ही संमतिपत्रं घेतली होती. पण जिथे रान बाईच्या नावावर, तिथे सही बऱ्याचदा दिराची नाहीतर मुलाची होती. आणि ती संमती माती काढायला दिली होती. निकाल भिंतीवर लावायला कुणीच दिलेली नव्हती.

सोसायटीला आणि तलाठी कार्यालयाला संस्थेच्या कागदावर पत्र दिलं: हा नकाशा कोणत्याही गटातल्या जमिनीच्या दर्जाचा पुरावा नाही. पत्र द्यायला मी स्वतः गेले. सचिवांनी चहा मागवला, पत्र वाचलं, घडी घालून टेबलाच्या काचेखाली सरकवलं. म्हणाले, "मॅडम, कुठलं रान बाद आहे ते मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. आठवीपासून या शिवारात गुरं राखलीत मी. पण आधी माझ्याकडं कागद नव्हता. आता वरचा अधिकारी विचारेल, नकाशात लाल असताना फाइल पुढं कशी पाठवली?"

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते हे बोलणं. सगळं गाव जे जाणतं ते तोंडी असतं तोवर त्यात सवलत असते, ओळख असते, "बघू या की" असतं. एकाच्या वडिलांनी वेळेवर फेडलंय म्हणून त्याच्या बाद रानावरही कर्ज मिळतं. आम्ही त्याच माहितीला कागद केलं आणि सचिवांच्या हातातली ती सैल जागा संपवली. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता.

वादातल्या गटांतून आणि ज्यांनी मागितलं त्यांच्या रानांतून फेरनमुने घेतले, यावेळी पावसाळा संपल्यावर, खातेदार समोर उभा असताना. निकाल एकेका कार्डावर लिहून ज्याच्या त्याच्या हातात दिला. कार्डावर सामू, विद्युत वाहकता, नमुना कधी आणि किती खोलीवरून घेतला ते, आणि हे माप हंगामाप्रमाणे बदलतं ही ओळ ठळक अक्षरांत.

परिणाम

काकींच्या रानाचं माप पिवळ्यात बसलं. बहुतेक बाकीची लाल रानं लालच निघाली. हे मुद्दाम सांगते, कारण नाहीतर असं वाटेल की नकाशा साफ खोटा होता. तो बराचसा बरोबर होता, आणि जिथे चुकला तिथे अशा माणसांबाबत चुकला ज्यांना चूक परवडत नव्हती.

कार्ड घेऊन काकी गिऱ्हाइकाकडे गेल्या नाहीत. तोवर मुलीच्या प्रवेशाची तारीख निघून जाईल म्हणून त्यांनी सोनं तारण ठेवलं होतं. रान विकलं नाही, वाट्याने दिलं. वाटेकऱ्याने फुले २६५ लावला. क्षारपडीत तग धरतो म्हणून या भागात तो वाण लोक निवडतात. सोनं सुटलं का, ते मी विचारलं नाही.

तरुण शेतकऱ्याला कर्ज मिळालं, लागण महिनाभर लांबून. दोन भावांची फाइल मी हे लिहीपर्यंत तहसीलमध्येच आहे.

शिफारशींचं म्हणाल तर ओढ्याचा एक टप्पा लोकवर्गणीतून आणि यंत्र लावून मोकळा झाला. त्याला लागून असलेल्या खालच्या भागातल्या काही जणांनी संमतीने आपापली कार्डं एकत्र केली आणि निचऱ्याचा आराखडा झाला. मुख्य पाइप ज्यांच्या रानातून जाणार होता त्यातले एक आधी नाही म्हणाले, नंतर हो म्हणाले. का बदलले, ते गावाला माहीत असेल. घनमापनाच्या पट्टीचा विषय उपसा संस्थेच्या निवडणुकीत कुणी तोंडातून काढलासुद्धा नाही. म्हणजे वरच्या अंगाचं पाणी पूर्वीसारखंच चालू आहे आणि खालच्या अंगाला पाइप टाकायची तयारी. हिशोब अजून खालच्याच माथी.

एक प्रश्न आम्ही मूळ अहवालात नीट हाताळलाच नव्हता: निचऱ्यातून निघणारं खारं पाणी ओढ्यातून खालच्या गावाकडे जाणार, आणि त्या ओढ्याच्या कडेला त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिथल्या सरपंचबाईंनी तो विचारला. पावसाळ्यात, ओढ्याला भर पाणी असताना निचरा सोडायचा आणि उन्हाळ्यात तोंड बंद ठेवायचं, असं सध्या ठरलं आहे. तोंड बंद ठेवायची जबाबदारी कुणाची, ते ठरलेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

नकाशा करूच नये असं मला वाटत नाही. पण कुणाच्या हातात कुठल्या पातळीची माहिती जाईल, हे नमुन्याची पहिली पिशवी भरण्याआधी, गावासोबत बसून लिहून काढायला हवं होतं. आम्ही ते शेवटच्या आठवड्यात ठरवलं, तेही सरपंचांच्या एका वाक्यावर. "लोकांना कळू दे" यातले लोक म्हणजे कोण, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

तीनच रंग ठेवले ही माझ्या मते सगळ्यात मोठी तांत्रिक चूक. वीस गुंठ्यांपेक्षा लहान पट्ट्यांना राखाडी रंग द्यायला हवा होता. राखाडी रंगाचा नकाशा सादरीकरणात कच्चा दिसतो, निधी देणारे भुवया उंचावतात. उंचावू द्यायच्या होत्या.

ज्येष्ठ सरांशी माझा वाद अजून संपलेला नाही. ते म्हणतात, आपण खरेदीदारापेक्षा विक्रेत्याची बाजू घेतली आणि तिला शास्त्राचं नाव दिलं. मी म्हणते, फेरनमुना मागण्याचा हक्क दोघांनाही दिला. त्यावर ते विचारतात की फेरनमुन्याचे पैसे दर वेळी कोण देणार. यावेळी ते संस्थेच्या गंगाजळीतून गेले आणि पुढचा एक छोटा अभ्यास रद्द झाला.

परवा नदीपलीकडच्या एका गावातून फोन होता. त्यांना "तसला रंगीत नकाशा" हवाय, आणि तो पंचायतीत लावायचाय. मी एक पानाच्या अटी पाठवल्या: आधी वाड्यावस्त्यांवर बैठका, ज्याच्या नावावर रान त्याचीच सही, दोन हंगामांचे नमुने, भिंतीवर फक्त शिवाराचा नकाशा. ते म्हणाले, विचार करून कळवतो.